वरवटच्या बोंडांची बातमी

अश्वजितने ती बातमी लिहिली तेव्हा त्याच्या मनात आनंदाशिवाय दुसरं काही नव्हतं. कृषी विद्यापीठाच्या प्रसिद्धी विभागात तो कंत्राटावर सहायक होता आणि विद्यापीठाचं मासिक वार्तापत्र त्याच्याच हातून तयार व्हायचं. कुठल्या विभागाने ज्वारीचं नवं वाण काढलं, कोणाला परिषदेत बक्षीस मिळालं, मुलींच्या वसतिगृहात रक्तदान शिबिर झालं, कुलगुरूंनी कुठल्या गोदामाची फीत कापली, असं सगळं त्यात असायचं. बहुतेक प्राध्यापक अंक हातात आला की आपला फोटो आहे का तेवढं बघत आणि तो कपाटावर टाकून देत. अश्वजितला ते माहीत होतं. तरी तो दर महिन्याला सायकलवर सगळे विभाग फिरायचा, प्रयोगशाळांमध्ये चहा प्यायचा आणि तिथे काय चाललंय ते समजेपर्यंत प्रश्न विचारत राहायचा.

कीटकशास्त्र विभागातली सबीहा त्याला अशीच भेटली. खामगावची मुलगी, पीएच.डी.च्या तिसऱ्या वर्षाला. तिच्या टेबलावर कायम हिरव्या बोंडांचा ढीग असायचा. एक बोंड चाकूने चिरायचं, आत बघायचं, बाजूला ठेवायचं आणि दुसरं उचलायचं, हे तिचं काम. बीटी कपाशीचं बियाणं आलं तेव्हा सगळ्यांना सांगितलं गेलं होतं की या झाडाचं काही खाल्लं की बोंडअळी मरते. बरीच वर्षं तसंच चाललं. पण २०१५च्या ऑक्टोबरात वरवट बकालच्या एका शेतातून आणलेली बोंडं सबीहाने चिरली, तर त्यातल्या कित्येकांत गुलाबी अळी निघाली, आणि ती जिवंत होती. सरकी खाऊन चांगली पोसलेली.

अश्वजित तेव्हा शेजारीच उभा होता. सबीहाने चिरायच्या आधी एक बोंड त्याला हातात धरायला दिलं होतं. बाहेरून त्याच्यावर डागसुद्धा नव्हता.

बातमी द्यायला तिच्या गाईड सरांनी हरकत घेतली नाही. फक्त मजकूर सबीहाने स्वतः लिहून दिला होता, आणि त्यात म्हटलं होतं, ‘संग्रामपूर तालुक्यातील एका शेतात’. अश्वजितला ते वाक्य अगदी मेल्यासारखं वाटलं. तो सोनाळ्याचा, म्हणजे वरवटच्या पुढच्याच गावाचा. वार्तापत्रात आजवर नागपूरचं, पुण्याचं, फार तर अकोल्याचं नाव यायचं. आपल्याकडच्या गावाचं नाव त्याने तिथे कधी छापलेलं पाहिलं नव्हतं. सबीहाच्या फोनमध्ये त्या शेताचा मालक पंजाबराव हातात बोंड धरून हसत उभा असल्याचा फोटो होता. तो त्याने आधीच मागून घेतला होता. त्याने मथळा केला, ‘वरवट बकालच्या कापसात गुलाबी बोंडअळी’. खाली तो फोटो आणि पंजाबरावाचं नाव घातलं. अंक छापखान्यात जायची घाई होती, त्यामुळे बदललेला मजकूर सबीहाला दाखवायचा राहून गेला.

अंक निघाला. जनसंपर्क अधिकारी साहेबांनी प्रथमच त्याच्या पाठीवर थाप मारली. चार दिवसांनी एका दैनिकाने ती बातमी उचलली आणि त्यात आपलं तिखटमीठ घालून ‘वरवटचा कापूस पोखरला’ असा मथळा दिला. त्याचा फोटो काढून कोणीतरी व्हॉट्सअ‍ॅपवर टाकला, आणि दिवाळीच्या आत ते तालुक्यातल्या प्रत्येक चहाच्या टपरीवर पोचलं.

आधी फोन आला तो अश्वजितच्या वडिलांचा. कचरू इंगळे शाळेत शिपाई होते, निवृत्त होऊन सोनाळ्याला आपली थोडी शेती बघत होते. ते कधी आवाज चढवत नसत. आताही चढवला नाही.

“बापू, त्वा काय लिहून ठेवलं रे? बाजारात लोकं मले पुसून राह्यले का तुमच्या पोरानं वरवटले बदनाम काऊन केलं म्हून.”

अश्वजितने समजावून सांगायचा प्रयत्न केला की हे संशोधन आहे, खोटं काही नाही. कचरूंनी ऐकून घेतलं आणि जेवलास का विचारून फोन ठेवला. त्यानंतर अश्वजितला जेवण गेलं नाही.

दुसऱ्या दिवशी सबीहा त्याच्या टेबलापाशी येऊन उभी राहिली. चेहरा उतरलेला होता. तिने सांगितलं त्याचा सारांश असा, की गावोगाव फिरून कापूस घेणारे व्यापारी वरवटचा माल नाकारू लागले आहेत, किंवा भाव पाडून मागत आहेत. अळी लागलेला कापूस डागाळतो, सरकी वेगळी करणाऱ्या जिनिंगमध्ये त्याची प्रत घसरते, म्हणून वरवटची गाडी म्हटली की ते आधी तोंड फिरवतात. गावाने पंजाबरावाशी बोलणं टाकलं आहे. आणि सरपंचांनी गाईड सरांना फोन करून सांगितलं आहे की यापुढे विद्यापीठाच्या कोणाला आमच्या शिवारात पाय ठेवू देणार नाही. तिला याच हंगामात आणखी दोनदा तिथली बोंडं आणायची होती. ती मिळाली नाहीत तर तीन वर्षांचं काम अर्धवट राहणार होतं.

“सर काय म्हणाले?” अश्वजितने विचारलं.

“म्हणाले, थांब आता. तेवढंच म्हणाले.”

ती त्याला एका शब्दाने बोलली नाही. तिने रागावून घेतलं असतं तर त्याला बरं वाटलं असतं. तो साहेबांकडे गेला. साहेबांनी सांगितलं की पुढच्या अंकात तळाशी दोन ओळींचा खुलासा टाकू, आणि तोवर कोणाशी काही बोलू नकोस. मग जरा थांबून, सहज आठवल्यासारखं, म्हणाले की डिसेंबरात कंत्राटांची यादी वर जाते. अश्वजित बाहेर येऊन बराच वेळ पाण्याच्या टाकीपाशी उभा राहिला. एका खुलाशाने पंजाबरावाशी लोक बोलायला लागतील असं त्याला वाटेना.

पुढचे काही दिवस वाईट गेले. फोन वाजला की तो आधी नंबर बघायचा आणि बहुतेकदा उचलायचा नाही. कॅन्टीनमध्ये लोक त्याच्याकडे बघून बोलतायत असं वाटायचं, आणि काही जण खरंच बोलत होते. कीटकशास्त्रातल्या मुलांनी त्याला चहाला बोलावणं बंद केलं. सबीहाच्या खोलीतल्या मैत्रिणीने त्याला गाठून सांगितलं की सबीहा मेसमध्ये ताट वाढून घेते आणि तसंच ठेवून उठते. घरी तिने अजून काही कळवलेलं नाही. तिच्या अब्बांनी आधीच दोनदा विचारलं होतं की हे अळ्यांचं शिक्षण संपणार कधी.

शेवटी तोच तिच्या प्रयोगशाळेत गेला. टेबल मोकळं होतं, बोंडं नव्हती. तो म्हणाला की मी वरवटला जाऊन लोकांसमोर सांगतो की चूक माझी आहे. सबीहा थोडा वेळ चाकू पुसत बसली आणि म्हणाली, मीही येते. गाईड सरांना तिने विचारलं तेव्हा त्यांनी नाही म्हटलं नाही. स्वतः येण्याचं मात्र टाळलं.

रविवारी दोघं शेगाववरून वरवटच्या एसटीत बसले. पाऊस त्या वर्षी कमीच झाला होता. रस्त्याच्या दोन्ही अंगांना कपाशी उभी होती, पण गुडघ्याच्या जरा वर. काही ठिकाणी बाया वेचत होत्या. अश्वजित मनात वाक्यं जुळवत होता आणि प्रत्येक थांब्यावर ती विसरत होता. सबीहा खिडकीबाहेर बघत होती. मधेच तिने विचारलं, तुमच्या घरचा कापूस कसा आहे? तो म्हणाला, बरा असेल. त्याच्या लक्षात आलं की बातमी लिहिल्यापासून आपण हे वडिलांना विचारलेलंच नाही.

पंजाबरावाचं घर रस्त्यालगत होतं. त्याने दोघांना ओसरीवर बसवलं. त्याची बायको अन्नपूर्णा पाणी ठेवून आत गेली, ती पुन्हा बाहेर आली नाही. पंजाबराव पन्नाशीचा, सडसडीत माणूस. फोटोत हसत होता तो हाच, हे अश्वजितला खरं वाटेना.

“म्या तुमाले वावरात येऊ देल्लं,” तो सबीहाकडे न बघता म्हणाला. “फोटो काहाडतानी हासलो बी. आता सख्खा भाऊ मंते, पंजाबनं गाव इकलं.”

सबीहा म्हणाली, काका, बातमी मी लिहिली नव्हती. अश्वजित म्हणाला, मी लिहिली. पंजाबरावाने मान वर करून त्याच्याकडे नीट पाहिलं. तू कोणाचा, असं विचारलं. सोनाळ्याच्या कचरू इंगळ्यांचा, असं अश्वजितने सांगितलं.

दोघं आल्याचं गावात पसरलं होतं. थोड्याच वेळात ओसरीपुढे पंधरा-वीस माणसं जमली. सगळ्यात पुढे सहदेव होता, पंजाबरावाच्या थोरल्या भावाचा मुलगा, तिशीतला, बोंडांच्या टोकांनी हात ओरखडलेला. एका बाजूला मोटारसायकलवर रेलून वाहेदभाई उभे होते. ते त्याच गावचे, कापूस घेऊन जिनिंगला घालणारे. लोकांचा राग त्यांच्यावरही होता. त्यांनी तो नाकारला नाही. ते म्हणाले, माझी कोणाशी दुश्मनी नाही, पण जिनिंगवाला म्हणतो वरवटचा माल वेगळा उतरव, तर मी काय करू?

अश्वजित उभा राहिला. जुळवलेली वाक्यं काही आठवली नाहीत. त्याने साध्या शब्दांत सांगितलं की या मॅडमनी एकच शेत बघितलं होतं आणि तसंच लिहून दिलं होतं. गावाचं नाव, पंजाबरावांचं नाव आणि फोटो मी माझ्या मनाने घातला. गावाचं नाव छापून यावं म्हणून घातला. यात मॅडमची चूक नाही आणि पंजाबरावांची तर मुळीच नाही.

सहदेव पुढे आला. “मंग आता फोन लाव. आमच्यासमोर लाव. सांग त्या पेपरवाल्याले, वरवटात अळी नाई म्हून.”

माणसांमधून हाव, हाव असा होकार उठला. अश्वजितने खिशातून फोन काढला. त्या वार्ताहराचा नंबर त्याच्याकडे होता. एका वाक्याचं काम होतं. ते बोललं की व्यापारी वरवटच्या गाड्या घेतील, पंजाबरावाशी त्याचा भाऊ बोलेल, सबीहाला शेतं उघडतील, आणि आपल्या कंत्राटाचंही निभावून जाईल. कदाचित ते वाक्य खरंही असेल. त्याचा अंगठा नंबरावर गेला.

“नका लावू,” सबीहा म्हणाली. ती अजून बसलेलीच होती, पण आवाज सगळ्यांना ऐकू गेला. “आहे म्हणायला मी एक तरी शेत पाहिलं होतं. नाही म्हणायला एकही पाहिलेलं नाही.”

सहदेव भडकला. मॅडमला गावाचं वाटोळंच करायचं आहे का, असं काहीसं तो बोलला. मागून एक म्हातारा म्हणाला की पोरगी खोटं कुठे बोलून राह्यली, पाहू द्या तिले. त्यावर दोन तट पडले. बरीच वादावादी झाली. अखेर सहदेवनेच हात झटकून सांगितलं, “चाला माह्या वावरात. फोडा किती फोडाचे तितके. अन् नाई निंगाली तं याच जाग्यावरून फोन लावाचा.” सबीहाने मान डोलावली. वाहेदभाईंनी मोटारसायकल तिथेच लावली आणि तेही निघाले.

सहदेवचं शेत गावाला लागूनच होतं, पीक पंजाबरावापेक्षा उजवं. सबीहाने वेगवेगळ्या ओळींतली हिरवी बोंडं तोडली आणि धुऱ्यावर, म्हणजे शेताच्या बांधावर, बसून एकेक चिरायला घेतलं. लोक तिच्याभोवती कोंडाळं करून उभे राहिले. पहिलं बोंड आतून पांढरंशुभ्र निघालं. दुसरंही. तिसरंही. कोणीतरी हसलं, कोणीतरी बिडी पेटवली. सहदेव कमरेवर हात ठेवून उभा होता. आपली बातमी खोटी ठरावी अशी इच्छा अश्वजितने आयुष्यात पहिल्यांदाच केली.

सबीहा घाई करत नव्हती. ती उठून शेताच्या सखल भागात गेली, तिथली बोंडं घेऊन आली आणि पुन्हा चिरू लागली. एका बोंडापाशी तिचा हात थांबला. तिने ते सहदेवच्या तळहातावर ठेवलं. आतल्या एका कप्प्यातला कापूस पिवळट, चिकटलेला होता. सरकीला बारीक भोक होतं, आणि त्या भोकातून गुलाबी अळी अंग वळवत बाहेर येत होती.

सहदेवने ते बोंड खाली टाकलं. त्याने पुढचं बोंड स्वतः तोडलं आणि दगडाने फोडलं. मग आणखी एक. चार फोडल्यावर त्यातल्या एकात पुन्हा होती. बिडीवाल्याने बिडी टाकून दिली. लोक एकेक करून पांगले. ते आपापल्या शेतांकडे गेले होते.

अश्वजित धुऱ्यावर बसून राहिला. बातमी अगदीच खोटी नव्हती, असं त्याच्या मनात क्षणभर येऊन गेलं आणि त्याला हलकं वाटलं. लगेच त्या हलकं वाटण्याची लाज वाटली. समोर सहदेव अजून बोंडं फोडत होता. त्यानंतर अश्वजितला सोनाळ्याची आपली दोन एकर दिसली.

दुपारपर्यंत लोक परत येत राहिले. कोणी शेल्याच्या पदरात, कोणी टोपलीत बोंडं आणली. सगळ्यांच्यात अळी नव्हती, पण निम्म्याहून जास्त लोकांच्या आणलेल्या बोंडांत निघाली. आता सबीहावर कोणी ओरडत नव्हतं. ते विचारत होते, औषध कोणतं मारायचं? सबीहाने सांगितलं की अळी बोंडाच्या आत असते, वरून मारलेलं औषध तिथे पोचत नाही. फुटलेला कापूस लवकर वेचा, डागी माल वेगळा ठेवा. आणि डिसेंबर संपायच्या आत शेत मोकळं करा. फरदड घेऊ नका. ओलिताच्या जोरावर कपाशी मार्चपर्यंत उभी ठेवून शेवटचे वेचे काढायचे, याला तिकडे फरदड म्हणतात. ती उभी राहिली की अळीला पुढच्या पेरणीपर्यंत घर मिळतं.

दुष्काळी वर्षात तेवढे एक-दोन वेचेच घराला आधार देणारे होते. एकाने विचारलं, मी काढली अन् बाजूवाल्यानं ठेवली तर? सबीहा म्हणाली, तर उपयोग कमी होईल. तिने लपवलं नाही.

वाहेदभाई निघताना एवढंच बोलले की मी जिनिंगवाल्याला सांगून बघतो, यापुढे गावाचं नाव विचारू नको, गाडी उघडून माल बघ. तो ऐकेल याचा भरवसा त्यांनी दिला नाही. पंजाबराव सगळा वेळ थोडा दूर उभा होता. त्याची कोणी माफी मागितली नाही. पण सहदेवने तंबाखू मळली, आधी त्याच्यापुढे हात केला, आणि त्याने चिमूट घेतली.

सबीहाला शेगावच्या गाडीत बसवून अश्वजित सोनाळ्याला गेला. कचरू शेतातच होते. वरवटचं त्यांना कळलं होतं. मुलगा आला तसे ते काही न विचारता त्याला आतल्या ओळीत घेऊन गेले. दोघांनी मिळून बोंडं फोडली. बरीच फोडली. एकातही अळी नव्हती.

अश्वजितने सुटकेचा श्वास सोडला. कचरू मात्र पुढची ओळ चालू लागले होते.

डिसेंबरच्या अंकात साहेबांना खुलासा हवा होता. अश्वजितने त्याऐवजी नवी बातमी लिहिली: तालुक्यातल्या अनेक शेतांत अळी आढळली आहे, शेतकऱ्यांनी स्वतः बोंडं फोडून तपासावीत, फरदड घेऊ नये. कोणाचंही नाव नव्हतं. छापखान्यात जायच्या आधी त्याने ती सबीहाला दाखवली. तिने दोन शब्द बदलले. साहेबांनी ती मधल्या पानावर, क्रीडा महोत्सवाच्या फोटोखाली टाकली. तिच्यावर कोणी फोन केला नाही, कुठल्या दैनिकाने ती उचलली नाही. अश्वजितचं कंत्राट फक्त सहा महिन्यांसाठी वाढलं. आधी ते वर्षाचं असायचं. सबीहाला वरवटची बोंडं मिळाली. सहदेवच पोत्यात भरून एसटीने पाठवायचा.

वरवटमध्ये काही जणांनी कपाशी काढली, काहींनी ठेवली. पंजाबरावाने काढली.

डिसेंबरच्या अखेरच्या आठवड्यात अश्वजित रजा घेऊन घरी गेला. कचरूंनी पऱ्हाटी, म्हणजे कपाशीची उभी झाडं, उपटायला घेतली होती. मातीला ओल नव्हती, झाडं उपटायच्या लोखंडी चिमट्याने धरून ओढलं तरी मूळ सुटत नव्हतं. झाडांवर अजून कळ्या होत्या. अश्वजितने विचारलं, बाबा, आपल्यात तर अळी निघाली नाही, मग राहू द्यायची का थोडी? कचरू कंबर सरळ करत म्हणाले, “लोकाईले सांगतं उपटा म्हून, अन् आपली ठेवतं?”

संध्याकाळी सबीहाचा फोन आला. तिने विचारलं, काढून झाली का? तो म्हणाला, उद्या होईल. तिने विचारलं, शेजारची? अश्वजितने धुऱ्यापलीकडे पाहिलं. शेजारच्या माणिकरावांची विहीर चालू होती. त्यांच्या कपाशीला पाणी सुटलेलं होतं आणि पिवळी फुलं धरली होती. तो सकाळीच त्यांच्याशी बोलून आला होता. त्यांनी ऐकून घेतलं, चहा पाजला, आणि पोरीचं लग्न आहे म्हणाले.

“उभी आहे,” अश्वजित म्हणाला.

सबीहा म्हणाली, जूनमध्ये बोंडअळीचे पतंग पकडायचे सापळे पाठवते, धुऱ्याच्या त्या अंगाला लावा. त्याने बरं म्हटलं. फोन ठेवून तो वडिलांच्या मदतीला गेला. अंधार पडेपर्यंत दोघं उपटत राहिले. पलीकडे विहिरीवरच्या मोटारीचा आवाज चालूच होता.